परदेशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं: न्यायची कशी, आणि संपली तर मिळवायची कशी

"बीपीच्या चारच गोळ्या उरल्यात, इथला केमिस्ट देत नाहीये, आता काय करू?" परदेशातून असा फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा गडबड त्या केमिस्टच्या दुकानात झालेली नसते, घरून निघायच्या आधीच झालेली असते. कागद नाही, किंवा कागदावर फक्त ब्रँडचं नाव, गोळ्या मोजून तेवढ्याच घेतलेल्या आणि त्याही चेक-इन बॅगेत. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. तुम्ही ऑलरेडी परदेशात असाल आणि गोळ्या संपत आल्या असतील तर सरळ टप्पा ५ वर जा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून ठेवा. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्या देशात परवानगी म्हणून चालेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी ती फक्त माहितीचा कागद असते. अमेरिकेत बाहेरच्या देशातलं प्रिस्क्रिप्शन सहसा चालतच नाही, तिथल्या लायसन्सवाल्या डॉक्टरचंच लागतं. युरोपियन युनियनमध्ये एका सदस्य देशातलं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या सदस्य देशात चालतं, पण बाहेरून आलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तरीपण तो कागद लागतोच, कारण तिथला डॉक्टर नवीन चिठ्ठी लिहिणार ती याच कागदाकडे बघून.

## टप्पा १: आधी कायदा बघा, मग डॉक्टरांकडे जा

लोक हे नेमकं उलटं करतात. आधी डॉक्टरांकडून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतात आणि मग कोणीतरी सांगतं की त्या देशात हे औषधच चालत नाही. डॉक्टरांना जगभरातले कस्टम्सचे नियम माहीत असतील अशी अपेक्षाही धरू नका, ते त्यांचं काम नाही.

बीपी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ॲसिडिटी असल्या औषधांना सहसा प्रॉब्लेम येत नाही. नीट बघायचं ते यांच्याबद्दल:

- जोरदार पेनकिलर: कोडीन, ट्रामाडॉल, मॉर्फिन
- झोपेच्या आणि अँग्झायटीच्या गोळ्या: डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे
- एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाची) औषधं
- खोकल्याची आणि सर्दीची काही औषधं, कारण त्यात कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असू शकतं
- गांजापासून बनलेलं काहीही, सीबीडी तेलासकट (गांजाच्या झाडातल्या सीबीडी या घटकाचं तेल)

जपानचं उदाहरण घ्या. चिठ्ठीवरची साधी औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्यापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी ऑनलाइन अर्ज करून 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं सर्टिफिकेट काढावं लागतं. पण ॲम्फेटामिन असलेलं एडीएचडीचं औषध मात्र डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी अजिबात चालत नाही, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्याही नाहीत. यूएईमध्ये कोडीन, ट्रामाडॉल अशा औषधांसाठी तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. सिंगापूरलाही झोपेच्या आणि अँग्झायटीच्या काही गोळ्यांना आधी मंजुरी लागते. अमेरिकेला जाताना साधारण ९० दिवसांपुरतं औषध स्वतःसाठी नेता येतं.

हे शोधायचं कुठे? त्या देशाच्या वकिलातीची किंवा आरोग्य खात्याची साइट. नशा आणि झोपेच्या वर्गातल्या औषधांसाठी व्हिएन्नाच्या आयएनसीबी या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या साइटवर देशानुसार माहिती असते. ट्रॅव्हल एजंटला विचारून मोकळं होऊ नका, आणि "माझा भाऊ मागच्या वर्षी घेऊन गेला, कोणी काही विचारलं नाही" हे तर अजिबात धरू नका, कारण नाही विचारलं याचा अर्थ चालतं असा होत नाही.

इशारा: ट्रान्झिटचा देशही बघा. नुसतं विमान बदलायचं असेल तर वेगळं, पण मध्ये बॅग घेऊन इमिग्रेशनमधून बाहेर पडून पुन्हा चेक-इन करायचं असेल तर त्या देशाचे नियम तुम्हाला पूर्ण लागू होतात.

परवानगीला वेळ लागतो. म्हणून हे काम तिकीट बुक झालं की लगेच, निदान सहा आठवडे हातात असताना सुरू करा. औषध चालतच नाही असं निघालं तर डॉक्टरांना पर्यायी औषध द्यावं लागेल, आणि ते अंगाला मानवतं का हे घरी असतानाच कळलेलं बरं.

## टप्पा २: डॉक्टरांकडून नीट पत्र घ्या

नेहमीची चिठ्ठी पुरत नाही. तीन औषधं, घाईतलं अक्षर आणि खाली सही, हे परदेशातल्या फार्मासिस्टला वाचताच येत नाही, खरं सांगायचं तर आपल्यालाही येत नाही. लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेलं पत्र मागा. त्यात हे हवं:

1. तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, आणि जन्मतारीख
2. कुठला आजार आहे, एका ओळीत
3. प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, आणि ब्रँड त्यानंतर
4. गोळी, कॅप्सूल, सिरप, इन्हेलर की इंजेक्शन
5. पॉवर, म्हणजे किती मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम
6. दिवसातून किती वेळा, पूर्ण शब्दांत
7. एकूण किती दिवसांचा साठा सोबत आहे
8. डॉक्टरांचं नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर, फोन, ईमेल, सही आणि तारीख

यातले काही मुद्दे फालतू वाटतील पण सगळी गोची तिथेच होते. 'ओडी' घ्या. आपल्याकडच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ दिवसातून एकदा, तर अमेरिकेत तीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठी वापरतात. म्हणून दिवसातून किती वेळा हे शब्दांत हवं. तारखेतही महिना शब्दांत लिहायला सांगा, कारण ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे देशागणिक बदलतं.

आता जेनेरिक नाव. ब्रँड हे कंपनीने दिलेलं नाव असतं, आतलं औषध वेगळं. एकच ब्रँड दोन देशांत दोन वेगळ्या औषधांना असू शकतो, आणि हे थिअरी म्हणून सांगत नाहीये. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे टॅमसुलोसिन, प्रोस्टेटची गोळी. इटलीत त्याच नावाने मॉर्निफ्लुमेट नावाचं सूज कमी करणारं औषध विकलं जायचं. डिलाकोर तर त्याहून भयंकर, अमेरिकेत ते बीपीचं डिल्टियाझेम आणि सर्बियात हृदयाचं डिगॉक्सिन. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००६ मध्ये याबद्दल सूचनाच काढली होती. तेव्हा परदेशातल्या काउंटरवर नुसतं ब्रँडचं नाव सांगून जे मिळालं ते गिळणं हा सरळ धोका आहे.

जेनेरिक नावंही सगळीकडे शंभर टक्के एक नसतात. हे थोडे लक्षात असू द्या: पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन असतं, दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, शुगरचं ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड, आणि ॲड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन.

तपासा: पत्रातली नावं आणि पॉवर हातातल्या पट्टीशी एकेक करून जुळवा. हे दवाखान्यातच करा, घरी येऊन चूक सापडली तर पुन्हा अपॉइंटमेंट.

## टप्पा ३: मोजणी आणि पॅकिंग

प्रवासाचे दिवस अधिक निदान एक आठवडा. फ्लाइट रद्द होते, माणूस आजारी पडतो, मुलगी म्हणते अजून चार दिवस राहा. पण टप्पा १ मध्ये जी मर्यादा सापडली तिच्या वर जायचं नाही.

औषधं मूळ पॅकिंगमध्येच न्या. वारांचे खण असलेली डबी रोजच्या वापराला मस्त, पण कस्टम्सच्या माणसासाठी त्या नाव नसलेल्या रंगीत गोळ्या असतात. पट्ट्या कापून सुटे तुकडे करणं ही पण खूप कॉमन चूक आहे, नेमका नाव आणि एक्सपायरीचा भाग कापला जातो. केमिस्टचं बिल सोबत ठेवा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तर तिच्या मूळ बाटलीतून काढायचीच नाही, ती हवेने आणि उष्णतेने खराब होते.

सगळी औषधं केबिन बॅगेत. दोघं प्रवास करत असाल तर साठा दोन केबिन बॅगांत वाटून ठेवा. चेक-इन बॅग हरवते हे एक कारण, आणि विमानाच्या पोटात गारठा असू शकतो हे दुसरं. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, नंतर नॉर्मल दिसलं तरी वापरायचं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, वापरात असलेलं बरंचसं इन्सुलिन साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानात टिकतं, पण तुमच्या पॅकवर काय लिहिलंय ते बघा. आणि ते बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवून ठेवू नका, त्यानेही गोठतं.

पत्राचे, चिठ्ठीचे आणि प्रत्येक खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून स्वतःला ईमेल करा आणि घरच्या एका माणसाकडे द्या. फोन चोरीला गेला तर फोनमधल्या फोटोचा काय उपयोग.

इन्शुरन्सची पॉलिसी आत्ताच उघडून 'आधीपासूनचे आजार' हा भाग वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये जुन्या आजाराची नेहमीची औषधं बसत नाहीत. हरवलेल्या औषधांचं काय ते वेगळं बघा. चोवीस तासांचा मदतीचा नंबर कागदावर लिहून घ्या.

## टप्पा ४: विमानतळ आणि घड्याळ

सिक्युरिटीला बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीची लिक्विडची मर्यादा असली तरी प्रवासात लागणाऱ्या औषधाला बहुतेक ठिकाणी सूट असते, फक्त ते आपणहून बाहेर काढून दाखवायचं आणि पत्र हातात ठेवायचं. सिरिंज, सुया, इन्हेलर सगळं तसंच. उतरल्यावर डिक्लरेशनच्या फॉर्मवर औषधाबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. उगाच लपवलं तर साधी गोष्ट वाढते.

डोसची वेळ कशी बदलायची हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा, खासकरून इन्सुलिन, फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, पश्चिमेकडे मोठा, त्यामुळे नुसतं तिथलं घड्याळ बघून घेतलं तर दोन डोस जवळ येतात किंवा फार लांब पडतात.

## टप्पा ५: औषध संपत आलं किंवा हरवलं

घाबरून बाहेर धावायच्या आधी बसून मोजा. किती गोळ्या उरल्यात, किती दिवस काढायचे आहेत, आणि हे औषध चुकवलं तर काय होतं.

कोलेस्टेरॉलची गोळी दोन-चार दिवस चुकली तर सहसा आभाळ कोसळत नाही. पण काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं: फिट्सची औषधं, बऱ्याच दिवसांपासून चालू असलेली स्टेरॉइड, मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाच्या गोळ्यांचा एक गट), बीपीचं क्लोनिडिन, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, आणि इन्सुलिन तर आहेच. यातलं काही असेल आणि साठा दोन-तीन दिवसांवर आला असेल तर आजच हालचाल करा. आज एकही डोस उरला नसेल तर क्लिनिक शोधत बसू नका, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

इशारा: गोळ्या पुरवायला म्हणून अर्धी-अर्धी किंवा दिवसाआड घेऊ नका. नावात एक्सआर, ईआर, एसआर, सीआर असलं काही असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, ती चुरली तर पूर्ण डोस एकदम अंगात जाऊ शकतो.

आणि घरून कुरिअरने मागवायचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. बऱ्याच देशांत व्यक्तीच्या नावाने आलेलं चिठ्ठीवरचं औषध कस्टम्स अडवतं, कधी नष्ट करतं. नशेच्या वर्गातलं औषध तर कधीच पाठवायला लावू नका, पाठवणारा आणि घेणारा दोघं अडकतात. पुढच्या आठवड्यात घरचं कोणी येणार असेल आणि त्यांच्या हातून मागवायचं असेल तर आधी तिथे दुसऱ्याच्या नावाचं औषध आणलेलं चालतं का हे बघा, अनेक देशांत फक्त स्वतःपुरतंच आणता येतं.

## टप्पा ६: तिथला डॉक्टर गाठा

पहिला फोन इन्शुरन्सच्या मदत नंबरला, खर्च मिळो न मिळो. जवळचं क्लिनिक, भाषा समजणारा डॉक्टर ही माहिती त्यांच्याकडे असते आणि आधी कळवलं नाही या कारणावर क्लेम नाकारला जायचा धोकाही टळतो. वकिलातीकडेही डॉक्टरांची यादी मिळते, पण वकिलात औषध आणून देत नाही आणि बिलही भरत नाही.

तुमचे घरचे डॉक्टर व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवतील, पण तिथला केमिस्ट ती मानेलच असं नाही. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे, तिथल्या डॉक्टरशी त्यांचं बोलणं करून द्या. ऑनलाइन डॉक्टर घेणार असाल तर तो त्या देशात प्रॅक्टिस करायला रजिस्टर्ड आहे ना ते बघा.

डॉक्टरसमोर सुरुवातीलाच सांगा: हा आजार, हे औषध इतक्या वर्षांपासून, शेवटचा डोस कधी घेतला, परत कधी जाणार, तेवढ्याच दिवसांचं लिहून द्या. ॲलर्जी सांगा. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन मागत असाल तर डॉक्टर संशयाने बघेल, प्रश्न विचारेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून आणि फ्रान्समध्ये २०१७ पासून कोडीनची कुठलीच गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

तेच औषध तिथे नसेल तर डॉक्टर त्याच गटातलं दुसरं देईल. दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीचं हे फार होतं, ते कॉम्बिनेशनच तिथे नसतं, मग दोन वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात. चालतं, फक्त दोन्ही घ्यायच्या आहेत हे विसरू नका.

## टप्पा ७: केमिस्टच्या काउंटरवर

रजिस्टर्ड फार्मसीतच जा. युरोपात बऱ्याच ठिकाणी हिरव्या क्रॉसची पाटी असते. रात्री किंवा रविवारी फ्रान्स, स्पेन, जर्मनीत पाळीने एखादी फार्मसी उघडी असते आणि कुठली ते बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं, तेव्हा कुलूप बघून परत फिरू नका, दारावरचा कागद वाचा.

बाजारातला स्टॉल, हॉटेलबाहेरचा माणूस, चिठ्ठी न विचारता सगळं देणारी वेबसाइट, यांच्याकडून काहीही घेऊ नका. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये साधारण दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं असा डब्ल्यूएचओचा २०१७ चा अंदाज आहे.

जुना खोका, पत्र आणि नवी चिठ्ठी तिन्ही काउंटरवर ठेवा. फार्मासिस्टला दोन्ही खोक्यांवरची नावं जुळवून दाखवायला सांगा. भाषा येत नसेल तर फोनवर ट्रान्सलेट करा, पण औषधाचं नाव नेहमी लिहून दाखवा, उच्चारावर भरवसा ठेवू नका. बिल घ्या, क्लेमला लागेल.

## टप्पा ८: पहिली गोळी घेण्याआधी

इथे पाच मिनिटं द्या, बाहेर रस्त्यावर न वाचता खोलीवर येऊन नीट उजेडात.

युनिट. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, थायरॉइडवाल्यांनी हे खास बघायचं. युरोपात बऱ्याच देशांत पॉइंटच्या जागी स्वल्पविराम देतात, म्हणजे २,५ लिहिलं असेल तर ते अडीच, पंचवीस नाही.

शेपूट. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट, पहिलं नाव तेच, पण एक दिवसभर हळूहळू काम करणारं आणि दुसरं पटकन उतरणारं. असं दुसरं नाव वेगळं दिसलं की फार्मासिस्टला विचारल्याशिवाय घेऊ नका.

रंग. रंगावरून गोळी ओळखायची सवय घरीच सोडून या. वॉरफरिनची गुलाबी गोळी अमेरिकेत १ मिलिग्रॅमची असते आणि ब्रिटनमध्ये ५ मिलिग्रॅमची. रक्त पातळ करणाऱ्या औषधात पाचपट फरक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वॉरफरिन बदललं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी चाचणी) कधी तपासायची तेही डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन. यू-४० आणि यू-१०० अशा वेगवेगळ्या स्ट्रेंथ असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट किंवा १०० युनिट. बहुतेक देशांत यू-१०० मिळतं. यू-४० च्या सिरिंजने यू-१०० इन्सुलिन ओढलं तर अडीचपट डोस जातो आणि शुगर धाडकन खाली येते. नवीन इन्सुलिन घेतलं की त्याच्या जोडीची सिरिंजही नवीन घ्या, जुनी बाजूला टाका. ग्लुकोमीटरही तिथलाच घेतला तर आकडा कदाचित मिलिमोलमध्ये दिसेल, त्याला १८ ने गुणलं की आपला मिलिग्रॅमवाला आकडा येतो. ७ दिसलं म्हणून घाबरून साखर खाऊ नका, ते १२६ आहे.

तपासा: खोक्याचं सील, एक्सपायरी, आणि आतल्या पट्टीवरचा बॅच नंबर बाहेरच्या खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का. स्पेलिंगच्या चुका, फिकट छपाई, चुरा झालेल्या गोळ्या दिसल्या तर परत न्या.

नवीन औषधाने अंगावर पुरळ आलं, चेहरा किंवा ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला तर पुढचा डोस थांबवून लगेच इमर्जन्सीत. निघताना खोका सोबत घ्या.

## टप्पा ९: परत आल्यावर

उरलेल्या गोळ्या घरी आणणार असाल तर तिथली चिठ्ठी आणि बिल सोबत ठेवा, येतानाही कस्टम्स असतंच आणि तिथे चालणारं औषध आपल्या देशात चालेलच असं नाही.

मग परदेशातला खोका घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि तोवर तो घरच्या औषधांच्या डब्यात टाकू नका. होतं असं की जुना ब्रँड सकाळी आणि परदेशातून आणलेला नवा ब्रँडही सकाळी, दोन्ही वेगळी औषधं समजून घेतली जातात, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर. दोन्ही खोक्यांवरची जेनेरिक नावं वाचा, एकच असलं तर दोन्हीतला एकच खोका चालू ठेवा आणि कुठला ते डॉक्टरांना ठरवू द्या.